वेस्ट स्प्रिंगफिल्डच्या रेल्वे शोला पहिल्यांदा जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: हार्टफर्डला येऊन सहा महिने झालेत, जानेवारीत सात वर्षांच्या लेकाला घेऊन वेस्ट स्प्रिंगफिल्डच्या मॉडेल रेल्वे शोला जायचंय, तळघरात आठ बाय चार फुटांची जागा मोकळी आहे आणि त्यात खंडाळ्याचा घाट उभा करायचं लहानपणापासून मनात आहे. तर काय बघावं, काय घ्यावं, मॉडेलच्या मापांपैकी एचओ की त्याहून लहान एन, आणि पुण्यातल्या भाच्यासाठी सेट न्यावा का?

मी या शोला चौदा वर्षं जातोय. पहिल्या वर्षी दोन तासांत चारशे डॉलरचा माल पिशव्यांत भरून बाहेर पडलो होतो. त्यातली आज वापरात असलेली वस्तू एकच, बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच. म्हणून आधीच सांगतो, पहिल्या खेपेला इंजिन घेऊ नका. दुसऱ्या खेपेला घ्या, कुणी अडवणार नाही.

ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचा हा शो जानेवारीच्या उत्तरार्धात, शनिवार-रविवार, ‘बिग ई’ या वार्षिक जत्रेच्या मैदानावर भरतो. चार मोठ्या इमारती आणि वीस हजारांवर माणसं, म्हणजे चक्क जत्रा. बर्फ असतोच, त्यामुळे अंगावर जाड कोट आणि आत गेलं की घाम. कोट गाडीत ठेवून धावत आत शिरा. खाली सगळीकडे काँक्रीट आहे, दुपारी दोननंतर पोटऱ्या बोलायला लागतात, तेव्हा बूट चांगले घाला. पाठीवरची सॅक पुढे घ्या. अरुंद वाटेत मागे वळताना सॅकने कुणाचा सहा महिन्यांचा पूल पाडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. (पाडणारा मी नव्हतो. माझा मेहुणा होता.)

लेकाला सकाळीच लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या तीन रुळी खेळण्यातल्या गाड्या आणि लेगोवाल्यांची शहरं दाखवून घ्या. तिथे बटणं दाबायला मिळतात, धूर निघतो, शिट्टी वाजते. तो एकदा तृप्त झाला की तुम्हाला दुपार मिळेल. छोटं फोल्डिंग स्टूल न्या, बहुतेक लेआउट, म्हणजे रूळ-डोंगर-गावांच्या मांडण्या, मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर असतात. हात लावायचा नाही हे घरूनच पढवून आणा.

आता खरा मुद्दा. बहुतेक लोक लेआउट समोरून बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तुम्ही मागे जा. मागच्या बाजूला क्लबचे लोक स्टुलावर बसलेले असतात, कुणी सँडविच खात असतं, कुणी रुळावरून उतरलेला डबा हातात धरून शिव्या घालत असतं. वायरिंग, सांध्यांच्या मोटारी, दोन मॉड्यूल, म्हणजे लेआउटचे सुटे तुकडे, जोडायची पद्धत, सगळं तिथे उघडं दिसतं. ‘मी नवीन आहे, हे कसं केलंत?’ एवढं विचारलंत तरी पाऊण तासाची निश्चिंती. फक्त भर गर्दीत, अकरा ते एकमध्ये विचारू नका, तेव्हा गाड्या चालवताना त्यांची तारांबळ उडालेली असते. रविवारी दुपारी जा.

बोलायचं काय? तुम्हाला वाटेल आपण काल आलेले, यांच्या गाड्यांमधलं आपल्याला काय कळणार. उलट आहे. आपल्याकडे जे आहे त्याबद्दल या लोकांना भलतंच कुतूहल असतं. न्यू इंग्लंडमध्ये आल्को या जुन्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनांचे वेडे पुष्कळ. आल्कोचा कारखाना इथून फार लांब नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला होता आणि १९६९ साली बंद पडला. अशा एखाद्या आजोबांना सांगा की तुमचं २५१ मॉडेलचं डिझेल इंजिन आमच्याकडे वाराणसीला पुढे कित्येक वर्षं तयार होत होतं, डब्ल्यूडीएम-२ या आमच्या डिझेल गाडीइंजिनाच्या पोटात बसून त्याने निम्मा भारत ओढला, आणि काळा धूर ओकण्यात कुठे कमी पडलं नाही. पहिल्या डब्ल्यूडीएम-२ तर स्केनेक्टडीहूनच आल्या होत्या. आजोबा खुर्ची देतात, हा माझा अनुभव.

माझी सगळ्यात चांगली दुपार मात्र मेन राज्यातल्या दोन फुटी (रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेल्या) रेल्वेची मॉडेलं करणाऱ्या एका म्हाताऱ्याबरोबर गेली. अमेरिकेतली पहिली दोन फुटी सार्वजनिक रेल्वे १८७७ साली बॉस्टनजवळ बिलेरिकाला सुरू झाली, ती लगेच बुडाली आणि तिचं सामान मेनच्या सँडी रिव्हर रेल्वेने घेतलं. पुढे मेनमध्ये अशा रेल्वेंचं जाळंच झालं, आणि १९३०-४० च्या दशकांत सगळं मोडीत निघालं. मी त्याला म्हटलं, आमची दोन फुटी अजून आहे. नेरळहून निघते, १९०७ ची, वीसास एक चढ, आणि वर जिथे पोहोचते त्या गावात मोटारी जाऊ देत नाहीत. त्याने चष्मा काढून पुसला. मग मी फोनवर माथेरानच्या जुन्या, ओरेनस्टाइन-कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनाचा फोटो दाखवला. सहा चाकांचं इंजिन एवढ्या वळणांवरून जातं कसं, हा त्याचा पहिला प्रश्न. टोकाचे आस वळणाप्रमाणे थोडे फिरतात, हे उत्तर मला तेव्हा येत होतं याचा आजही अभिमान आहे.

त्याच माणसाकडून शिकलेली गोष्ट तुमच्या एचओ-एनच्या प्रश्नाला लागू पडते. तो १:४८ च्या प्रमाणात काम करायचा आणि रूळ मात्र एचओचे, १६.५ मिलिमीटरचे वापरायचा. हिशेब केला तर ते रूळ अडीच फुटांचे होतात, दोनचे नाहीत. मी हे विचारल्यावर म्हणाला, माझ्याशिवाय कोणाला कळतं? तुमच्या घाटाचंही तेच होणार आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओत, म्हणजे १:८७ ला, रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, बाजारात मिळतात साडेसोळा, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ साठी आहेत. पावणेतीन मिलिमीटरसाठी हाताने रूळ ठोकत बसू नका. भारतीय इंजिनं विक्रेत्यांच्या टेबलांवर शोधण्यातही वेळ घालवू नका, मला चौदा वर्षांत एकही मिळालेलं नाही. ती स्वतःच करायची असतात. आपल्या ‘खेकड्या’चा, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ या जुन्या विजेच्या इंजिनाचा, स्विस भाऊबंद ‘क्रोकोडाइल’ मात्र मार्कलिन या जर्मन कंपनीच्या खोक्यात अधूनमधून दिसतो. किंमत बघून पुढे चला.

आता आठ बाय चारचा हिशेब. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याचा, जुना प्रवासी डबा साधारण २२ मीटर. एचओत तो २५ सेंटिमीटर होतो, एनमध्ये, म्हणजे १:१६० ला, १४. बारा डब्यांची गाडी एचओत तीन मीटर, म्हणजे तुमच्या टेबलापेक्षा लांब.  एनमध्ये ती पावणेदोन मीटरच्या आत बसते. चढाचं तर आणखी गमतीशीर आहे. बोरघाटाचा चढ ३७ ला १. मॉडेलवाले चढाच्या बाबतीत सहसा लबाडी करून तो वाढवतात, तुम्हाला गरज नाही, खरा आकडाच चालतो. आठ फुटांत ३७ ला १ ने गाडी साडेसहा सेंटिमीटर वर जाते. एचओत एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला साडेसात तरी लागतात, एनमध्ये पाचात काम होतं. म्हणजे एनमध्ये एका लांबीतच घाट स्वतःच्या अंगावरून जाऊ शकतो. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, प्रमाणात करायला गेलात तर एनमध्येही पावणेदोनशे मीटर होतात, तेव्हा तीन बोगदे, एक दरी आणि मागून ढकलणारे बँकर एवढ्यावर भागवा. बँकर असले की लोकांना घाट दिसतो. मी स्वतः एचओवाला आहे, तरी तुम्हाला एन घ्या म्हणतोय. जीवावर येतंय, पण घ्या.

सुरुवात टेबलावरही होते. शोमध्ये टी-ट्रॅकवाल्यांना, म्हणजे टेबलावर मांडायची छोटी एन मॉड्यूल करणाऱ्यांना, गाठा. त्यांचं एकेक मॉड्यूल ३०८ मिलिमीटर लांब, काटो या जपानी कंपनीचे रूळ, एकमेकांना खटकन जोडायचे. एका मॉड्यूलवर एक बोगद्याचं तोंड आणि पावसाळ्यातला धबधबा करून पाहा. जमलं तर घाट, नाही जमलं तर तीनशे मिलिमीटरच वाया गेले.

खरेदी करायचीच असेल तर आधी पूर्ण एक फेरी मारा, हात खिशात ठेवून. किमती टेबलागणिक बदलतात आणि रविवारी दुपारी विक्रेते सामान परत न्यायच्या कंटाळ्याने नरम येतात. रोख ठेवा. जुन्या पेटीतले पिवळे पितळी रूळ फुकट मिळाले तरी घेऊ नका, गंज चढून वीज अडते. रुपेरी दिसणारे निकेल-सिल्व्हर घ्या. सेकंड-हँड इंजिन तपासायला नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी खिशात असू द्या. चाकं फिरताना प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी ‘टक्’ असा आवाज आला की आतलं गिअर तडकलंय समजा. गाड्या चालवायला डिजिटल पद्धत, म्हणजे डीसीसी, घ्यायची की साधं डीसी, हा वाद आज नको. डीसीसीत एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, म्हणजे पुढचं इंजिन आणि मागचा बँकर दोन्ही सांभाळायला पुढेमागे तेच लागेल. पण लेक आधी कंट्रोलर फिरवायला शिकू दे.

राहिला भाच्याचा सेट. न्या, पण इथला पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, नेऊ नका. तो १२० व्होल्टचा असतो आणि नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून २३० वर चालत नाही. १०० ते २४० दोन्हीवर चालेल असं लिहिलेला कंट्रोलर वेगळा घ्या. हे मी सदाशिव पेठेत शिकलो. सगळं घर जमलेलं, रूळ दिवाणखान्यात गोल मांडलेले, मी ऐटीत बटण दाबलं आणि पॉवर पॅकमधून धुराची बारीक रेघ वर गेली. वडील पेपर बाजूला करून म्हणाले, ‘अरे वा, वाफेचं इंजिन आणलंस होय?’