सेकंदाचा काटा बारावर बसतो का, ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. पुण्याला दुसऱ्याच कामाला गेलात, सहज दुकानात शिरलात, ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ मनगटावर चढवलं आणि आता सोलापुरात येऊन झोप नाही. घ्यावं का, काच कुठली, टॅकिमीटर कशाला, असं विचारताय. १९६९ साली हे घड्याळ चंद्रावर गेलं वगैरे तुम्ही वाचलेलंच असणार, ते सोडतो.

माझं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं, नाव सांगत नाही. ते घेताना मी जो गाढवपणा केला तो मात्र सांगतो. पुण्याहून सोलापूरला येणारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची होती. घड्याळ हातात घालून बघितलं, चकाकी बघितली, क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, एकदा चालू-बंद केला, कार्ड घासलं आणि रिक्षात बसलो. घरी आल्यावर रात्री खेळत बसलो तर शून्यावर आणल्यावर मोठा सेकंदकाटा बारावर येईना. एक रेघ अलीकडे थांबायचा. अहो, आमचा टॉवेलचा धंदा. एक सूत तुटलेलं दिसलं तर मी अख्खा माल बाजूला काढतो. आणि लाखांच्या वस्तूकडे नीट पाच मिनिटं बघितलं नाही!

पुढचं तर विचारूच नका. दुकान म्हणालं सर्व्हिस सेंटरला पाठवा. तिथे काउंटरवर उत्तर मिळालं, "धक्का लागलाय, वॉरंटीत बसत नाही." वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीखच घातलेली नव्हती, म्हणून बिल मागितलं. बिल दिलं तर त्यावर घड्याळाचा नंबर नाही. पाच महिने घड्याळ त्यांच्याकडे, आणि फोन केला की दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून गोष्ट सांगा. शेवटी काटा बसला सरळ, पण तोवर माझी हौस फिटली होती.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच बसा. क्रोनोग्राफ चालू करा, मिनिटांचा छोटा काटा पुढे सरकतोय का बघा, थांबवा, शून्यावर आणा. दहा वेळा करा. विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्या. एक मात्र लक्षात ठेवा, स्पीडमास्टरचं चालू करायचं बटण थोडं कडकच लागतं. काही घड्याळांत क्रोनोग्राफ चालू-बंद करायला आत कॉलम व्हील नावाचं चाक असतं, त्यांच्यासारखं हे मऊ नाही, याची रचनाच तशी. तो दोष समजू नका. वॉरंटी कार्डावर तारीख, नंबर, शिक्का तुमच्यासमोर पडू द्या.

घ्यावं का? माझं मत, नुसतं मत: जानेवारीत गड्डा जत्रेच्या थंड दिवसांत एसी दुकानात बघून ठरवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, मनगट फुगतं. ४२ मिलिमीटरचं घड्याळ तेव्हा कसं बसतं ते घामातच कळतं. उन्हाळ्यात परत एकदा घालून बघा. तोवर ओढ टिकली तर घ्या. शिवाय हे चावीचं घड्याळ, रोज सकाळी चावी द्यायची. कंटाळा करणारे असाल तर दुसरं बघा. मला स्वतःला ती चावीच जास्त आवडते, पण माझं सोडा.

काचेचं विचारलंय. प्लास्टिकवाली हेसालाइट घ्या, ओरखडे पॉलिशने निघतात. नीलमणी (सफायर) काच कठीण खरी, पण कडेला दुधट रेघ दिसते, मला ती खटकते. आणि टॅकिमीटर, म्हणजे कडेवरची वेग मोजायची पट्टी, काय कामाचा? पुणे रस्त्यावर गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसा, एका किलोमीटरच्या दगडापाशी चालू करा, पुढच्याला थांबवा. ४५ सेकंद आले तर काटा ८० वर, म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटर. गाडी चालवताना करू नका म्हणजे झालं.

दोन लाखांच्या वर पॅन लागतो, तेवढी रोख दुकानदाराला घेता येत नाही. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) आहे. मी सीए नाही, आपल्या माणसाला विचारा.

आणि हो, ब्रेसलेट लहान करून घेतलंत तर काढलेल्या कड्या मागून घ्या. माझ्या दोन कड्या अजून पुण्यातल्या त्या ड्रॉवरमध्येच असतील.