दिवाळीत नऊ दिवस व्हिएतनाम: होई आन यंदा राहू द्या

तुमचा बेत वाचला. दिवाळीची सुट्टी, हातात नऊ दिवस, दोघांच्या पाठीवर एकेक सॅक, उत्तरेच्या हनोईत उतरून मध्य व्हिएतनाममधलं ह्वे, होई आन करत शेवटी दक्षिणेचं सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटी. त्यात एक जण पक्का शाकाहारी. हनोई ते सायगॉन रेल्वेने 1,726 किलोमीटर आहे. नऊ दिवसांत होईल, नाही असं नाही, पण निम्मी सहल बस, गाडी आणि विमानतळावरच जाईल.

पण माझी खरी हरकत अंतराला नाही, दिवाळीला आहे. आपला पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पुराचे महिने. आम्हीही सुट्टी बघून तिकिटं काढली, हवामान बघितलंच नाही. होई आनला दुसऱ्या रात्री नदी रस्त्यावर आली. सकाळी जिन्यावरून बघतो तर खालच्या तीन पायऱ्या पाण्यात, आणि मालकीणबाई अगदी शांतपणे फ्रीज टेबलावर चढवतायत. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं याच्या खुणाच करून ठेवलेल्या असतात. त्यांना सवय आहे. आपले मात्र नऊपैकी दोन दिवस खिडकीत बसून गेले.

उत्तरेत त्याच दिवसांत छान कोरडी, गार हवा असते. म्हणून माझं सांगणं: हनोई, हा झांग आणि निन्ह बिन्ह, बस्स. मुंबईहून थेट हनोई, परतही तिथूनच.

हा झांगला चार दिवस द्याच. हनोईहून बसने सहा-सात तास, पुढे साधारण 350 किलोमीटरचा डोंगरी फेरा. मा पी लेंग घाटात रस्ता कड्याला चिकटून जातो आणि खाली खोल दरीत न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतारांवर गुलाबी फुलांची शेतं असतात. ती फुलं कुट्टूची! उत्तर भारतात उपासाला ज्याचं पीठ खातात तेच. डोंग वानच्या बाजारात त्याच पिठाच्या जाड फिकट जांभळ्या भाकऱ्या निखाऱ्यावर भाजून देतात. चव बेताची, पण थंडीत हातात गरम भाकरी धरायला मजा येते.

बाइक स्वतः चालवायचा मोह आवरा. पुण्यात वीस वर्षं चालवत असलात तरी. आपल्या आरटीओत मिळणारं इंटरनॅशनल परमिट 1949च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारानुसार असतं आणि व्हिएतनाम 1968चा करार मानतो. म्हणजे तिथे ते चालत नाही, आणि पडझड झाली तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. स्थानिक चालकाच्या मागे बसायची सोय सगळीकडे आहे, त्याला ‘इझी रायडर’ म्हणतात. तुम्ही दोघं दोन वेगळ्या बाइकवर असाल. तीन दिवस दिवसभर बोलता येत नाही, त्यामुळे रात्री होमस्टेत जेवताना गप्पांना भरपूर विषय असतात. तिथे यजमान मक्याची दारू आग्रहाने पाजतात. पहिला पेला घेतलात की दुसरा नाकारणं कठीण.

जेवणाचं. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात, त्यामुळे चहा मागायला जाऊ नका, टोफू येईल. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी खातो. एवढ्यावर भागत नाही, कारण साध्या परतलेल्या भाजीतही माशाचा सॉस असतो. ‘खोंग नुओक माम’, म्हणजे माशाचा सॉस नको, हे फोनवर लिहूनच ठेवा. पाटीवर ‘चाय’ असलेली खाणावळ दिसली की निर्धास्त आत शिरा. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी तिथे गर्दी असते. हनोईची प्रसिद्ध कॉफी मात्र अंड्याची असते, हे आधीच सांगून ठेवतो.

पैशांत एक घोळ हमखास होतो. तिथलं चलन डोंग; 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर. हिने शहाळ्याला 5 लाखांची दिली होती. बाई भली होती, मागे धावत आली. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

निन्ह बिन्हला दोन दिवस पुरे. ताम कोकला होडीवाल्या बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. सोनेरी भातशेतीचे फोटो बघून जाणार असाल तर ते मेअखेर-जूनच्या सुमाराचे असतात, दिवाळीत तसं काही दिसणार नाही. तिथल्याच हांग मुआ टेकडीच्या 500 पायऱ्या सकाळी लवकर चढा.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एकदाच्या प्रवेशाला 25 डॉलर. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट.

होई आनजवळची मी सोन इथली शिवमंदिरं हुकतील, याची मलाही हळहळ वाटते. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली, 1969च्या अमेरिकी बाँबफेकीत पडलेली, आणि त्यातल्या काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केलेली. ती मार्चमध्ये वेगळी करा. तेव्हा ह्वेहून दा नांगला रेल्वेनेच जा आणि डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या, समुद्र त्या अंगाला आहे.