प्रबंधाचा आराखडा सांगलीतून नेऊ का?

तू विचारलंस, ‘ताई, सप्टेंबरला इंग्लंडला एमएससीला निघालोय. शेवटी १२,००० शब्दांचा प्रबंध आहे, विषय सांगलीचा महापूर. आराखडा इथूनच करून आणू का?’ आण. पण तू पाठवलास तसला नको.

प्रस्तावना, पूर्वाभ्यास (आधीच्या संशोधनाचा आढावा), पद्धती, निष्कर्ष ही रिकाम्या डब्यांवरची लेबलं झाली. मीही इंग्लंडला येताना तसलीच घेऊन आले होते, हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असतात त्यांच्यावर. फेब्रुवारीत गाईडबाईंनी एवढंच विचारलं, ‘यात प्रश्न कुठला?’ मला सांगताच येईना.

तुझ्या विषयात कोयना आणि अलमट्टी धरणं, पुराचा अभ्यास करणारी वडनेरे समिती, २००५, २०१९, २०२१ सगळं एकदम आलंय. लहान कर. पावसाळ्यात आपल्याकडे जो तो विचारतो, ‘पाणी किती फुटांवर?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. मग गणपती पेठेतला व्यापारी माल कितव्या फुटाला हलवतो? आकडा बघून, की २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवून? (आमच्या घरी २००५ च्या खुणेवर भरवसा ठेवला होता. माळ्यावरची गाद्यासुद्धा भिजली.) एवढ्या एका प्रश्नाला १२,००० शब्द कमीच पडतील बघ.

आता आराखडा. प्रत्येक प्रकरणाला मथळा नको, तिथं काय म्हणायचंय ते एका पूर्ण वाक्यात लिही: ‘व्यापारी फुटांचा आकडा ऐकतात, पण माल हलवतात तो जुन्या खुणेवरून.’ उद्या चूक ठरलं तर बदलशील, पण चूक ठरायला आधी वाक्य तर हवं! त्याखाली पुरावा कुठला ते टिपून ठेव. शब्दांची वाटणी ढोबळच: प्रस्तावना १,०००, पूर्वाभ्यास ३,०००, पद्धत २,०००, हाती आलेलं आणि चर्चा मिळून ५,०००, शेवट १,०००. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही.

एक चूक मात्र अजिबात करू नकोस. निघण्याआधी उत्साहानं पेठेत मुलाखती घेत फिरू नकोस. लोकांना प्रश्न विचारायला विद्यापीठाची परवानगी लागते, ती एथिक्सची मंजुरी. ती हातात येण्याआधी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही. मंजुरीला आठवडे जातात, म्हणून अर्ज वसंतातच टाक आणि मुलाखती मे-जूनमध्ये फोनवर उरक. जुलै-ऑगस्टमध्ये तू लिहीत बसशील तेव्हा सांगलीत पाणी चढत असेल. त्या वेळी कोण दुकानदार तुझा फोन घेणार?

आत्ता गोळा करायचं ते छापील: २००५ आणि २०१९ च्या ऑगस्टमधली स्थानिक वर्तमानपत्रं, समितीचा अहवाल, पेठेतल्या भिंतींवरच्या पाणीखुणांचे फोटो. कात्रणावर पेपरचं नाव, तारीख, पान तिथल्या तिथं लिही आणि झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भर, फुकट आहे. मराठी बातमीतला उतारा इंग्रजीत तूच करणार, तेव्हा मूळ मजकूरही जपून ठेव.

फोटो स्वतः काढ. माझे राहिले होते, म्हणून जूनमध्ये बाबांना हरिपूरला पिटाळलं. व्हॉट्सअॅपवर अकरा फोटो आले, त्यातल्या सातांत त्यांचा अंगठा होता.