कोंबडीच्या गळ्याखाली गोळा आलाय, दाणा खात नाही. तेल पाजून उलटी धरली की बाहेर पडेल का?

उलटी धरू नका. पिलाच्या वयाची असो नाहीतर अंड्यावरची. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. गळ्याखाली दाणा साठवायची पिशवी असते, तिच्यातलं आंबूस पाणी तिथून आत गेलं की ती तुमच्या हातातच जाते. आमच्या वाडीत हा उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या कोंबड्या त्यानं मेल्या तेही तोच सांगतात.

आमच्या तांबडीला हे झालं ते शाकारणीच्या दिवसांत. अंगणभर जुनं गवत, पेंढा, गोण्यांचे सुटलेले धागे. सकाळी खुराडं उघडल्यावर बाकीच्या कणीवर तुटून पडल्या, ही मान ताणून एका बाजूला उभी. रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. हात लावला तर मळलेल्या कणकेचा गोळा, आणि दाबला की बोटाचा ठसा तसाच राहतोय. धाकटे दीर मुंबईहून आलेले. म्हणाले, "वहिनी, आज रविवारच आहे." सासूबाई वाटपाला नारळ खवायला बसल्याही!

मी तिला डालग्याखाली ठेवलं, खाली पेंढा नाही, नुसता पुठ्ठा. दाणा बंद. कोमट पाण्यात खोबरेल तेलाचे थेंब, ड्रॉपरने चोचीच्या कडेनं, एक गिळला की दुसरा. मग दोन बोटांनी गोळा हलकेच चोळायचा, पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचं, दिवसभर जमेल तसं. भावोजी ओट्यावर बसून हिशेब सांगत होते, बाजारात कोंबडी केवढ्याला मिळते, तुमचा वेळ केवढ्याचा. बाजारात खुडूक बसणारी मिळते का, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तांबडी दुसऱ्यांची अंडीसुद्धा उबवते आणि घारीवर धावून जाते. हॅचरीतल्या कितीतरी जाती खुडूक बसायचंच विसरल्यात.

गोळा हळूहळू भुसभुशीत झाला आणि एका सकाळी पिशवी सपाट लागली. मग भिजवलेलं भरड खाद्य, थोडं उकडलेलं अंडं कुस्करून. भात, भाकरीचे तुकडे, लांब गवत बरेच दिवस बंद. आणि जाडी रेती समोर ठेवा. कोंबडीला दात नसतात, दळायचं काम पेठ्यातले, म्हणजे पिशवीच्या पुढच्या जाड पोटातले, खडे करतात. गच्चीवर पाळणारे हे हमखास विसरतात. तुमची गच्चीवर आहे का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

गोळा घट्ट नसून फुग्यासारखा डचमळत असेल आणि चोचीला आंबट घाण येत असेल, तर आत बुरशी वाढलेली असते. तिथे तेल-मालिशचा उपयोग नाही, बुरशीचं औषध पशुवैद्यकानं वजन बघूनच द्यायचं. सुतळी किंवा प्लॅस्टिक अडकलं असेल तर पिशवी चिरून साफ करतात आणि टाके घालतात. हे ऐकून भावोजी हसले होते. होतं हे ऑपरेशन, कोंबडी जगते.

हो, हे आधीच लिहायला हवं होतं: शीट हिरवी, मान वाकडी, धाप लागलेली किंवा एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल, तर राणीखेतचा, म्हणजे कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचा, संशय धरा. राणीखेतमध्येही पिशवी पाण्यानं भरते. आजारी वेगळी करा, लगेच दवाखाना गाठा, वरचं काहीही करत बसू नका.

आणि आजारी कोंबडी कापून खाऊन वर "वाया नाही गेली" म्हणणाऱ्यांनी मला शिकवू नये. औषध चालू असलेली तर मुळीच कापायची नसते, अंडीही डॉक्टर सांगतील तितके दिवस खायची नसतात. भावोजी अजून गणपतीला येतात आणि जाताना गावठी अंडी मागतात. मी देते, बाकीच्यांची. तांबडीची तिच्याच खाली ठेवते.