पद्मिनी घ्यावी की पहिली मारुती ८००?

तुम्ही विचारलंय की रविवारी चालवायला एक जुनी गाडी हौसेने ठेवायची आहे, तर प्रीमियर पद्मिनी घेऊ की अगदी पहिल्या घडणीची मारुती ८००? दोन्ही चालवल्या आहेत, म्हणून लिहितो.

चालवायला मारुती. त्यात वाद नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी दिली, तेव्हा तिच्यात ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं आणि ओढ पुढच्या चाकांची. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे मोठं. पण मारुती तिच्याहून दोनशे किलोंवर हलकी, त्यामुळे सिग्नलला पद्मिनीवाला मागेच राहायचा.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्यात १९६४ पासून बनायला लागली, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत. (तिच्या आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी, ती डुक्कर फियाट. ती मिळाली तर मला कळवा!) हिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, म्हणून खाली अडगळ नाही आणि पुढची सीट सलग. आईबाबांच्या मध्ये बसून आम्ही पुणे-मुंबई केलंय. चोक ओढून थंड इंजिन चालू करायचं, उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं, हे त्या पिढीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला येत होतं. मारुती आली आणि बॉनेट उघडायची सवयच गेली.

तरीही तुमच्या जागी मी पद्मिनी घेईन. मुंबईत ती इतकी वर्षं टॅक्सी म्हणून धावली की तिचं काम हाताला बसलेले मिस्त्री अजून सापडतात. पहिल्या आकाराची मारुती १९८६ पर्यंतच बनली. तिचा एक दिवा फुटला की जोडीचा शोधत फिरा.

एक मात्र करा, गाडी पन्नाशी उलटलेली असली तरी ती व्हिंटेज म्हणून नोंदवू नका. २०२१ च्या नियमांनुसार तशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, आणि तुम्हाला तर दर रविवारी काढायची आहे.

बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. दारांखालच्या पत्र्याला लावून बघा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.