काचेचे टॉवर की जुना व्हरांडा?

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात मॉडर्न आर्किटेक्चर रुजवणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टचं काम शिकतोय आणि बाहेर सगळीकडे काचेचे टॉवर दिसतात. आपल्या उकाड्या-पावसात ही मॉडर्न परंपरा सोडूनच द्यावी का?

उत्तर: अजिबात नको, सोडायची ती काचेची नक्कल. कॉर्ब्युझिएनेच चंदीगडला ऊन अडवायला काँक्रीटच्या खोल जाळ्या लावल्यात, ते आपण विसरतो. आणि मुंबईत कंबाला हिलवरचं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा बघा, १९८३ ची बिल्डिंग, उंची साधारण ८४ मीटर, घरं फक्त ३२, दिसायला साधा चौकोनी काँक्रीटचा टॉवर. पण मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊन, पावसाची झोड पण तिकडूनच, म्हणजे वाऱ्यासाठी उघडायचं तर घर भिजणार आणि तापणार! जुन्या बंगल्यांनी त्यावर भोवती व्हरांडा ठेवला होता, कोरियांनी तोच विचार उंचावर नेला आणि कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या काढल्या, तिथे झाडंही लागतात आणि आतल्या खोल्यांना आडोसा मिळतो. मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

टेक्नॉलॉजीचं म्हणाल तर आता ऊन-वाऱ्याचं सिम्युलेशन, म्हणजे ते घरात कसे येतील याचा अंदाज, लॅपटॉपवर होतं, फक्त ते डिझाइन संपल्यावर एसी किती मोठा लागेल ते ठरवायला वापरू नका, पहिल्या स्केचलाच चालवा. भिंतीवर झाडं लावणार असाल तर मातीचं वजन, पाणी आणि मुळांपासून टिकेल असं वॉटरप्रूफिंग आधी बघा, नंतर ते जमत नाही.