सोळा 'शकला' नव्हेत

प्रश्न असा आहे: अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसनच्या कॉस्मिअर या काल्पनिक विश्वात ॲडोनाल्सियम हा आदिदेव फुटला आणि त्याचे सोळा 'शार्ड' झाले. शार्डला मराठीत काय म्हणावं? शकल, तुकडा की अंश?

काही जण 'सोळा शकला' लिहितात, ते आधी थांबवा. ते शकल, ती शकलं. 'शक्कल' वेगळी, ती अरबीतून आली आणि ती लढवायची असते. 'तुकडा'बद्दल बोलण्यासारखं काही नाही.

'अंश'वाल्यांशी मात्र माझं भांडण आहे. आपल्याकडे अंश निघाला तरी देव उणा होत नाही. 'पूर्णस्य पूर्णमादाय पूर्णमेवावशिष्यते'. ॲडोनाल्सियमचं तसं झालं नाही. सोळा जणांनी ठरवून त्याला फोडलं, एकेकाने एकेक शक्ती उचलली आणि मूळ देव उरलाच नाही. याला मराठीत वाटणी म्हणतात. म्हणून शार्ड म्हणजे 'वाटा', आणि तो धारण करणारा 'वाटेकरी'. 'देवाला असला जमीनजुमल्याचा शब्द शोभत नाही' असं कोणी म्हणेलच. त्यांनी 'भगवान' शब्द एकदा उघडून पाहावा.

भज् या धातूचा जुना अर्थ वाटणे, वाट्याला येणे. त्यातून भाग, विभक्त आणि भग. भग म्हणजे वाटा, म्हणून भाग्य. भगवान म्हणजे ज्याच्यापाशी हे भाग्य आहे तो. कीर्तनात 'भग म्हणजे सहा ऐश्वर्यं' असं ठोकून सांगतात. ती विष्णुपुराणातली व्याख्या आहे, व्युत्पत्ती नव्हे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भज सेवायाम्' (भज् म्हणजे सेवा करणे) आहे हे मलाही माहीत आहे, पण तेवढ्यावर थांबणाऱ्यांनी 'भाग' कुठून आला तेही सांगावं. ऋग्वेदात भग हा स्वतंत्र देव आहे, आदित्यांपैकी एक. दुसऱ्या मंडलात त्याच यादीत आणखी एक आदित्य आहे, त्याचं नाव अंश! म्हणजे वाटा नावाचे दोन देव एकाच यादीत. प्राचीन इराणी 'बग' म्हणजे देव, रशियन 'बोग' त्याच कुळातला, आणि बगदाद म्हणजे 'देवाने दिलेलं' अशी बहुमान्य व्युत्पत्ती आहे. संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाढलेलं अन्न, शिजवलेला तांदूळही. त्याचाच प्राकृतातून झाला भात. भत्ताही तिथलाच. भक्त आणि भात एका ताटातले आहेत हे शाळेत कोणी सांगत का नाही, देव जाणे.

आता गंमत पाहा. सोळांपैकी एका शार्डचं नाव डिव्होशन, म्हणजे भक्ती. तीही भज् मधूनच आलेली. म्हणजे वाट्याचंच नाव वाटा. सँडरसनच्या ध्यानीमनी हे नसणार, पण मराठीत ते आयतं जुळतं.

राहिलं 'शकल'. तो शब्द वाया घालवू नका. पुढे ओडियम या शार्डने याच डिव्होशनला आणि डोमिनियन या आणखी एका शार्डला फोडलं. तिथे कोणी काही उचलून नेलं नाही, नुसता चुरा केला. तीच खरी शकलं.